पळसाच्या पानांचा माणूस

आमच्या घरात एक माणूस पन्नासहून जास्त वर्षं ना जिवंतांच्या पंगतीला बसला, ना मेलेल्यांच्या. तो माझा काका, बाबांचा थोरला भाऊ. मी त्याला कधी पाहिलं नाही. माझ्या जन्माआधीच, एकाहत्तरच्या डिसेंबरात, तो पश्चिमेच्या सरहद्दीवर लढत होता आणि लढाई संपल्यावर सापडला नाही. मेल्याची तार आली नाही, प्रेत आलं नाही. बेपत्ता, एवढाच शब्द आला. तो शब्द आमच्या बदलापूर गावातल्या घरात असा काही घुसला, की सगळ्यात आधी त्याने माझ्या काकीला गिळलं.

काकी म्हणजे त्याची बायको. लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. सतरा-अठराची पोर. तेव्हापासून ती आमच्यातच. माझी आई मी शाळेत असताना गेली, मला वाढवलं काकीने. पुढे माझं लग्न मोडलं आणि मी बॅग उचलून परत आले, तेव्हाही दार तिनेच उघडलं आणि एक शब्द न विचारता चहा टाकला. बाबा, काकी आणि मी, आम्ही तिघांनी एका छपराखाली दिवस काढले. आळीतल्या बायका मागे कुजबुजायच्या, "एकीला नवरा असून नाय, एकीला नसून हाय." मागे कशाला, तोंडावर बोला की! माझं तोंड काही शिवलेलं नाही. फाटकंच आहे, असं बाबा म्हणतात.

पण बायका बोलायच्या ते खोटं नव्हतं. काकी कुंकू लावायची, ठसठशीत. मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या, जोडवी, सगळं. वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या मारायची. आणि वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायची, तेव्हा तिथल्या कागदावर विधवा व्हायची. सरकारने काही वर्षं वाट बघून काका मेला असं धरलं होतं. घराने धरलं नव्हतं. बँकेतून ती घरी आली की चपला काढायच्या आधी आरशासमोर जाऊन कुंकू नीट करायची.

हा सगळा कायदा आजीचा. "माझा पोरगा जिवंत हाय. सुनेच्या कपाळाला कोन हात लावतो बघते," हे तिचं रोजचं. एका डिसेंबरात गावातल्या मंडळाने काकीचा सत्कार ठेवला आणि कार्डावर तिच्या नावामागे 'श्रीमती' छापलं. झालं! आजी ते कार्ड घेऊन थेट अध्यक्षाच्या ओटीवर. "माझ्या सुनेला श्रीमती कोन बोलला? सौ. कर, नायतर तुझी शाल तूच पांघर." बिचाऱ्या पोरांनी बसून सगळ्या कार्डांवर पेनने खाडाखोड केली. पण माइकवाला सवयीचा गुलाम. स्टेजवर काकी उभी राहिली आणि तो गरजला, "शहीद जवानाची वीरपत्नी!" आजी पहिल्या रांगेतून उठली, वर चढली, काकीचं मनगट धरलं आणि तिला खाली घेऊन आली. शाल राहिली, नारळ राहिला. गाव अजून ही गोष्ट हसत हसत सांगतं. काकी कधी हसली नाही. तिला कुणी विचारलंही नव्हतं, की बाई, तुला काय लावायचंय, सौ. की श्रीमती?

मी दहावीला होते तेव्हाची गोष्ट. इतिहासात प्रश्न होता, एकाहत्तरच्या युद्धाची कारणे व परिणाम लिहा. मी मोठमोठ्याने पाठ करत होते आणि काकी सुपात तांदूळ निवडत होती. तिकडे पूर्वेला निवडणूक जिंकलेल्यांना राज्य दिलं नाही, त्यांच्या भाषेची हेळसांड केली, माणसं मारली, लाखो निर्वासित आपल्याकडे आले, असं सगळं मी घडाघडा म्हणत होते. काकीचा हात थांबला.

"भांडण पूर्वेला होतं ना गो? मग हे पश्चिमेला कशाला?"

"अगं, पश्चिमेकडून त्यांची विमानं आली. मग दोन्हीकडे पेटलं."

"बरं. आनि परिणाम काय लिवलेत?"

मी वाचून दाखवले. आपला विजय झाला. एक नवा देश जन्माला आला. जगात आपला मान वाढला.

"आनि?"

"आणि काही नाही. तीनच मुद्दे आहेत."

"हां," ती म्हणाली आणि परत खडे वेचायला लागली. मला परीक्षेची घाई होती, मी पुढचा प्रश्न घेतला.

तिचं खरं दुखणं मला कळलं ते बरंच नंतर, एका पितृपक्षात. आमच्याकडे पितरांना पानं वाढायची पद्धत आहे. भात, वडे, खीर, अळूवडी, गवार, भोपळा, कारलं. पणजोबाचं पान, आजोबांचं पान, पुढे आजीचं आणि माझ्या आईचंही. सगळा स्वयंपाक काकी एकटी करायची आणि प्रत्येकाच्या आठवणीने वाढायची. आजोबांना खीर जास्त. आजीला कारलं नको. आईच्या पानावर एक वडा चढता. काकाचं पान मात्र नसायचं. जिवंत माणसाचं पान पितरांत वाढणं म्हणजे त्याला मारणं. मग त्याचं पान कुठे? रोजच्या पंगतीत तर तो नव्हताच.

त्या वर्षी पानं वाढून झाल्यावर मी तिला मोरीत उभी राहून रडताना पकडलं. पातेली घासत होती आणि रडत होती.

"काय झालं गं?"

"ते उपाशी हायेत गो," ती म्हणाली. "येवढ्या लोकांना मी जेवायला घालते. माझा मानूस तेवढा उपाशी. जिवंत असतील तर कुणी घालतही असेल. पन मला म्हायत हाय ते नायत. मग त्यांना कोन घालनार? मेल्याचं पान नाय, जित्याचं ताट नाय."

माझा देवाधर्मावर फारसा विश्वास नाही. कावळ्याला खीर घालून मेलेल्याचं पोट भरतं असं मला कुणी सांगितलं तर मी त्याला वेड्यात काढीन. पण त्या दिवशी मी तिथेच पाटावर बसले. घास भरवता येत नाही म्हणून रडणारी बाई माझ्यासमोर उभी होती, तिला मी काय शहाणपण शिकवणार?

त्यावर उपाय होता आणि तो तिला ठाऊक होता. ज्याचं प्रेत सापडत नाही त्याचा पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करतात. डोक्याच्या जागी नारळ ठेवतात. त्याला रीतसर अग्नी देतात, मग तो माणूस मेला असं धरतात आणि तिथून पुढे त्याला पान मिळतं. गुरुजींनी तिला हे फार वर्षांपूर्वी सांगितलेलं. तिने एकदाच धीर करून आजीला विचारलं, तेव्हा आजीने तिच्या थोबाडीत मारली होती. आजी गेल्यावर तिने बाबांना विचारलं. बाबा मारणारे नव्हेत. ते नुसते उठून गेले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

बाबांना हा पुतळा का नको होता त्यामागे एक मोठी गोष्ट होती आणि ती आम्हा सगळ्यांना पाठ होती. लढाईनंतर पुढच्या वर्षी दोन्ही देशांनी पकडलेले सैनिक परत केले. बाबा तेव्हा एकोणीस-वीसचे. कल्याणच्या पुढे कधी न गेलेला मुलगा काकाचा फोटो शर्टाच्या आत ठेवून पंजाबात गेला, थेट सरहद्दीवर. सुटून येणाऱ्यांच्या गर्दीत घुसून तो एकेकाला फोटो दाखवत होता. बहुतेकांनी माना हलवल्या. पण एका सरदारजीने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "शायद. शायद देखा था इसको. उधर जेल में."

ते 'शायद' घेऊन बाबा घरी आले आणि आमचं घर त्यावर जगलं. आजीने मरेपर्यंत देवापुढे दिवा विझू दिला नाही. घर पाडून बिल्डरने इमारत बांधली तेव्हा बाबांनी अट घातली, गेटवर आमच्या आडनावाची पाटी हवी. भाऊ आला तर त्याला घर कसं सापडणार? बिल्डर मागे वळून हसला असेल. मीही हसले होते. पण पाटी लागली, आजही आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात सरहद्दीवर पुन्हा वाजलं. टीव्हीवर ती माणसं गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती, लढाई काय त्यांच्या स्टुडिओतच चालली होती. खाली सोसायटीत पोरांनी फटाके फोडले. बाबा खुर्चीच्या टोकाला येऊन बघत होते आणि मधूनमधून म्हणत होते, "या वेळी सोडू नका." काकीला तोवर हृदयाचं दुखणं लागलं होतं. पाय सुजायचे, जिना चढताना दोनदा बसायची. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, सांभाळा, फार भरवसा नाही. ती भिंत धरत आली आणि तिने टीव्ही बंद केला. आमच्या घरात बाबांचा टीव्ही कुणी बंद केला, असं मी पहिल्यांदा पाहिलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "आता कुनाकुनाच्या घरी तो शब्द जानार हाय, म्हायत हाय ना? बेपत्ता."

बाबांनी रिमोटकडे हात नेला.

"मी आता फार दिवसांची नाय. मी गेले की त्यांना पान वाढनारं कुनी नाय. पुतळा करा. या पितृपक्षाच्या आधी करा. मला त्यांना एकदा जेवायला घालू द्या."

"वहिनी, मी माझ्या भावाला माझ्या हाताने जाळू?" बाबांचा आवाज चढला. "तुम्हाला काही वाटतं का? त्या माणसाने बघितलं होतं त्याला!"

"बघितलं असेल. त्याला किती वर्षं झाली?"

"मी आईला शब्द दिलाय."

"आनि मला?" काकी म्हणाली. "मला कोनी काय दिलं?"

बाबा चपला घालून निघून गेले. सत्तरीचा माणूस, भर दुपारी, उन्हात. मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही कीव आली. खरं सांगते, बाबांचा जास्त राग आला.

मी उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये पडद्यांच्या दुकानात काउंटर सांभाळते. शेठची आई रोज दुपारी येऊन गल्ल्यामागे बसते. आम्ही सगळे तिला अम्मा म्हणतो. फाळणीत सिंधमधून आली तेव्हा ती फ्रॉकमधली पोर होती. या शहराचा जन्मच असा. आधी एका महायुद्धाच्या शिपायांसाठी बराकी बांधल्या, मग त्याच बराकींत फाळणीची माणसं आणून भरली. एका भांडणाचं घर दुसऱ्या भांडणाच्या माणसांना. श्रावणात एके दिवशी माझा पडलेला चेहरा बघून अम्माने विचारलं आणि मी सगळं सांगितलं, पुतळ्यापर्यंत. ती बराच वेळ पडद्याच्या कापडावरून हात फिरवत बसली.

"तेरी चाची का तो एक आदमी है, उसका पुतला बन जायेगा," ती म्हणाली. "मेरा तो पूरा गाँव उधर रह गया बेटी. कुआँ, घर, मेरी नानी. मैं किसका पुतला जलाऊँ? तेरे बाप को बोल, जिसका जल सकता है उसका जला दे. नहीं तो अंदर जलता रहता है."

मी हे बाबांना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ते गॅलरीत बसले होते, खाली बघत. श्रावण संपत आला होता. काकीने तीन दिवसांपासून जेवण जवळजवळ टाकलं होतं. ते उपाशी तर मी पण, असं काही ती म्हणाली नव्हती, पण ताट सरकवून उठायची आणि आम्हाला कळायचं.

बाबा म्हणाले, "तिला बोलव."

काकी येऊन दारात उभी राहिली. दिरासमोर ती अजूनही बसत नसे.

"वहिनी, बसा," बाबा म्हणाले. "बसा आधी." ती बसली. मग बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "असा कुणी सरदारजी नव्हता."

मला आधी समजलंच नाही.

"कुणीच काही बोललं नव्हतं. मी सगळ्यांना फोटो दाखवला. सगळे नाही म्हणाले. एकाने तर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, घर जा बेटा. मी गाडीत बसलो. दोन दिवस विचार करत होतो की आईला काय सांगू. स्टेशनवर उतरलो तर आई बैलगाडीत येऊन बसलेली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी रिकाम्या हाताने कसा जाऊ वहिनी? माझ्या तोंडातून निघून गेलं. एकच शब्द. मला वाटलं, चार दिवस तिला झोप लागेल. मग आपोआप विसरतील."

कोण विसरणार होतं? मी बाबांकडे बघत राहिले. मला त्यांना ओरडायचं होतं. असं कसं केलंत, म्हणायचं होतं.  एकोणीस वर्षांच्या मुलाने आईला झोप लागावी म्हणून बोललेला शब्द. आणि तो खरा ठेवण्यासाठी तो मुलगा म्हातारा होईपर्यंत खोटं बोलत राहिला. त्या खोट्याचा भार सोसला माझ्या काकीने.

 काकी रडली नाही. तिने मंगळसूत्र पदरातून बाहेर काढून त्याच्याकडे बघितलं आणि परत आत टाकलं. मग ती भिंतीला धरून उठली.

"मी तेव्हा अठराची होते," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर ती बाबांशी बोलेना. त्यांना चहा द्यायची, पण कप स्टुलावर ठेवून मागे फिरायची. बाबा एकदम वाकल्यासारखे झाले. एके दिवशी मी दुकानात जायला निघाले होते, तेव्हा काकी स्वयंपाकघरातून मोठ्याने म्हणाली, मला नाही, भिंतीलाही नाही, बाबांनाच.

"पळसाची पानं तुमी आना, भाऊजी. विकत नको. तुमच्या हातानं तोडून आना."

बाबा गेले. गुडघे दुखणारा माणूस कोंडेश्वरच्या बाजूच्या रानात गेला, चिखलात, आणि गोणीभर पानं घेऊन आला. हाताला काटे लागले होते. गोणी दारात ठेवून ते बाहेरच पायरीवर बसले. काकीने त्यांना तांब्याभर पाणी दिलं आणि या वेळी हातात दिलं.

नदीकाठी, आमच्या गावच्या स्मशानात सगळं झालं. आम्ही तिघं, गुरुजी आणि भावकीतले दोघंतिघं. काकीला रिक्षातून नेलं. बायका स्मशानात जात नाहीत वगैरे कुणी तोंड उघडलं नाही, मी आधीच सगळ्यांकडे बघून घेतलं होतं. गुरुजींनी दर्भ बांधून अंग केलं, त्यावर पानं लावली, नारळ ठेवला. झाला काका. एवढुसा. माझ्या मनात सारखं येत होतं, की फोटोतला माणूस किती उंच आणि छातीने रुंद होता, आणि हा बघा, एका पाटावर मावतोय. हिरवीगार पानं, अजून ओली. 

गुरुजींनी नाव विचारलं, गोत्र विचारलं. मग म्हणाले, "वय काय होतं?"

बाबा लगेच म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर." त्यांनी एवढी वर्षं भावाला आपल्यासोबत म्हातारा केला होता. दर वर्षी त्याचं एक वर्ष वाढवत होते.

काकीने मान वर केली. "चोवीस," ती म्हणाली. "चोवीस वर्षांचं पोर होतं ते, भाऊजी. तुमाला नातू असता तर त्याच्यायेवढं."

बाबांनी गुरुजींकडे बघितलं, मग पाटाकडे, आणि तिथेच मटकन खाली बसून मोठ्याने रडायला लागले. एकाहत्तर साली जे रडायचं होतं ते त्या दिवशी रडले. भावकीतल्यांनी त्यांना उठवलं, त्यांच्या हाताला धरून अग्नी द्यायला लावला. ओली पानं पटकन पेटेनात, नुसता धूर झाला. काकी धुरातही हलली नाही. बघत राहिली, शेवटचं पान जळेपर्यंत.

परत निघताना तिने पदराचं टोक कपाळाकडे नेलं. मी तिचा हात धरला. माझ्यातली शहाणी जागी झाली.

"काकी, कुंकू राहू दे. आजकाल कुणी पुसत नाही. गावागावांत ठराव होतायत."

तिने माझ्याकडे बघितलं. असं ती माझ्याकडे कधी बघत नसे.

"सासूबाई म्हणाल्या, लाव. तू म्हणतेस, ठेव. माझं कपाळ हाय का तुमचं?"

मी हात सोडला. तिने स्वतःच्या हाताने कुंकू पुसलं, एकदाच, घाई न करता. मी तोंड फिरवून नदीकडे बघत रडले. ती रडली नाही. रिक्षात बसल्यावर तिने माझ्या मांडीवर हात ठेवला आणि घर येईपर्यंत ठेवला.

मग आली सर्वपित्री अमावास्या. तिची एवढ्या वर्षांची इच्छा पुरी होणार होती. सकाळी उठून बघते तर ही बाई ओटा धुऊन, पाट मांडून तयार. पाय टम्म सुजलेले. मी म्हटलं, तू नुसती बसून सांग, करते मी. ऐकेल तर शपथ! केळीची पानं पुसून एकेकाचं नाव घेत मांडली. पणजोबा. आजोबा. आजी. माझी आई. आणि शेवटी एक नवं पान, सगळ्यात मोठं, तिने मुद्दाम निवडून ठेवलेलं. त्या पानाकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आधी कधी दिसलं नव्हतं. लग्नघरातल्या बाईसारखी लगबग होती तिची. मलाही बरं वाटत होतं. मी कढई गॅसवर ठेवली आणि उत्साहाने विचारलं,

"हं, सांग आता. काकाला काय आवडायचं? ते आधी टाकते."

काकीचे हात भाजीच्या टोपलीत होते. तिथेच राहिले.

"काय गं?"

"मला नाय म्हायत गो," ती म्हणाली.

मला वाटलं आठवत नसेल. म्हटलं, आठव ना जरा, गोड की तिखट?

"आठवायचं काय त्याच्यात? मी बघितलंच नाय. लग्नानंतर ते दोनदा रजेवर आले. पुरुषांना सासूबाई वाढायच्या. मी आत चुलीपाशी. आम्ही बायका मागनं जेवायचो. ते जेवताना कसे दिसायचे, तेपन मला म्हायत नाय."

मी गॅस बंद केला. गॅलरीत जाऊन बाबांना विचारलं. त्यांनी खूप विचार केला. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, ते कुठे कुठे जाऊन शोधत होते. भावाची सायकल त्यांना आठवली, त्याचं पोहणं आठवलं, त्याने एकदा कानफटात मारलेली आठवली.

"आवड कसली?" शेवटी ते म्हणाले. "आम्हाला कुठली आवडनिवड? जे शिजेल ते खायचो. भात. आमटी. कधी सुकट." आणि मग हळूच म्हणाले, "आईला माहीत असणार."

मी आत येऊन काकीला सांगितलं.  मग तिने कंबरेला पदर खोचला आणि सगळं करायला घेतलं. वडे, खीर, अळूवडी, कारलं, गवार, भोपळा. दोन प्रकारची आमटी, एक गुळाची, एक तिखट. वेगळ्या भांड्यात सुकट. शिरा. घावणे. मी थांब म्हटलं तर थांबेना, बस म्हटलं तर बसेना. दुपार उलटून गेली. बाकीच्यांची पानं वाढून झाली. काकाचं पान भरलं, तिने दुसरं आणून त्याच्या शेजारी लावलं, तेही भरलं. मग ती ओट्याला टेकून, धापा टाकत, त्या दोन पानांकडे बघत राहिली.

"यातलं एखादं तरी आवडत असेल ना गो त्यांना?"